दोनदा उकळलेलं पाणी

केटलआजींच्या घरी पाणी मागणाऱ्याला आधी बसावं लागे. पाणी घरात तयार असे, पण ते सकाळचं असलं तर आजींच्या लेखी शिळं. मग केटल भरायची, खळाखळा उकळू द्यायची, जरा थांबून तेच पाणी पुन्हा उकळायचं, पातेल्यात ओतून वर ताट झाकायचं आणि ते निवेपर्यंत पाहुण्याची उलटतपासणी घ्यायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई पाणी द्यायचं टाळताहेत. मी पुण्याची, असा संशय आम्हाला चटकन येतो.

"आजी, इथलं टॅप वॉटर पर्फेक्टली सेफ आहे," मी म्हटलं. "रेग्युलरली टेस्ट करतात."

"करत असतील हो. मी कुठे नाही म्हणते?"

"आणि उकळायचंच तर दोनदा कशाला?"

"एकदा पाण्यासाठी, एकदा माझ्यासाठी," त्या म्हणाल्या आणि माझं सासर कुठलं ते विचारू लागल्या. म्हातारीचा काहीतरी सोवळेपणा असेल म्हणून मी विषय सोडून दिला.

ते दोन हजार दोन साल. एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर वर्क परमिट घेऊन मी लंडनला आले, पाठोपाठ श्रीपाद आणि दोन वर्षांची रेवा आली, आणि आम्ही पिनर या उपनगरात एक घर भाड्याने घेतलं. दोन घरं सोडून आजी राहत. सत्तरी ओलांडलेल्या, पती जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलती मुलगी शोभाताई टोरंटोला. केटलआजी हे नाव रेवाचं. "आजी, तुझा पाणी नेहमी वॉर्म का असतो?" असं तिने एकदा तोंडावर विचारलं आणि आजी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. पुढे आम्हीही त्यांना तेच म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव फक्त टपालाच्या पाकिटांवर उरलं होतं.

आजींचं दुसरं वेड फाटकापाशी होतं. फाटकाच्या खांबाला लागून विटांचा ओटा, ओट्यावर गार्डन सेंटरमधून आणलेली मोठी मातीची कुंडी, तिचं भोक त्यांनी स्वतः बुजवलेलं. कुंडीवर स्टीलचं ताट, ताटावर स्टीलचा पेला, आणि पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'उकळलेलं पाणी आहे. कृपया प्या.' ब्रह्मदेशात म्हणे गावोगावी रस्त्याच्या कडेला असे माठ असतात, वाटसरूंसाठी, आणि ते रोज भरणं हे मोठं पुण्य. ब्रह्मदेशात असेल. पिनरमध्ये वाटसरू म्हणजे कुत्री फिरवणारे निवृत्त लोक, त्यांना वाटे पाणी कुत्र्यांसाठी आहे. नेमाने पिणारा एकच, टेरी पोस्टमन. तो म्हणे, "पाणी कोमट आहे, पण म्हातारी खिडकीतून बघत असते, नाही म्हणवत नाही." थंडीत माठ तडकू नये म्हणून आजी तो रोज संध्याकाळी आत घेत आणि सकाळी बाहेर काढत. त्या वयात ते वजन उचलताना बघून माझ्याच कमरेत कळ यायची.

कोणीतरी तक्रार केली आणि कौन्सिलची एक बाई आली. आजींनी तिला बसवलं, दोनदा पाणी उकळलं, निववलं, पाजलं. ती बिचारी तासभर अडकली. आठवड्याने पत्र आलं की ओटा फुटपाथवर चार इंच पुढे आहे, तो हटवावा. आजींनी गवंडी बोलावला आणि ओटा बरोबर चार इंच आत घेतला. "बघ, कायद्याने वागलं की कोणी काही करत नाही," त्या मला म्हणाल्या. ते पत्र त्यांनी फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

आजींचा जन्म रंगूनचा. त्यांचे आजोबा रत्नागिरीहून तिकडे नोकरीला गेलेले. "इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीला आणून कोंडला आणि आमचा आजा तिकडे नेला. फिट्टंफाट," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ब्रह्मदेशचा सगळा इतिहास त्या मला सांगत, पण सनावळीने नाही, पाण्यावरून. युद्ध म्हणजे काय, तर नाताळच्या आधीच्या दिवसांत रंगूनवर बॉम्ब पडले आणि नळ कोरडे झाले. जपानी राजवट म्हणजे काय, तर बंदरात कारकून असलेले त्यांचे वडील, दादा, मागे अडकले आणि त्यांना एका जपानी अधिकाऱ्याच्या आंघोळीचं पाणी तापवावं लागलं. मधेच जपान्यांनी ब्रह्मदेशला स्वातंत्र्य देऊन टाकल्याचं जाहीर केलं, त्याबद्दल दादा म्हणत, "ते कोमट पाणी होतं. ना चहाला, ना तहानेला." आजी स्वतः तेव्हा तिथे नव्हत्या. बेचाळीसच्या सुरुवातीला आईबरोबर त्या पायी हिंदुस्थानाकडे निघाल्या होत्या. त्या चालण्याबद्दल मात्र त्या काही बोलत नसत. "चाललो आणि पोचलो," एवढंच, आणि लगेच उठून केटल लावत.

युद्ध संपल्यावर दादा जिवंत असल्याचं पत्र आलं आणि मायलेकी रंगूनला परतल्या. तेव्हाचं सांगताना आजींचा आवाज बदले. त्या देशाच्या तरुण पुढाऱ्याला ऐन पावसाळ्यात, भर बैठकीत, सहकाऱ्यांसकट गोळ्या घातल्या, त्या दिवशी दादांच्या कचेरीतला बर्मी हेडक्लार्क जिन्यात बसून रडला. दादा त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले आणि मग त्याला पाणी आणून दिलं. पुढच्या जानेवारीत स्वातंत्र्य आलं. ज्योतिषांनी मुहूर्त काढला होता पहाटेचा, चार वाजून वीस मिनिटांचा. सोळा वर्षांची ही मुलगी दादांचा हात धरून गर्दीत उभी होती. पुढे जाऊन बघायचा तिने हट्ट केला तेव्हा दादा म्हणाले, "आज यांचा दिवस आहे. आपण मागे उभं राहायचं."

"मग दिसलं का काही?" मी विचारलं.

"झेंडा नाही दिसला. मी बायकांचे चेहरे बघत होते." का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

झेंडा बदलला आणि वर्षभरात बंडाळ्या सुरू झाल्या. "देश मोकळा झाला आणि रस्ते बंद झाले," आजी म्हणत. प्रोमची गाडी बंद पडली हे त्या अशा दुःखाने सांगत की मला वाटे, प्रोमला यांचं माहेरचं कोणी असणार. पुढे लग्न झालं, नवरा रंगूनलाच नोकरीला, मग लष्कर आलं, कचेऱ्या-दुकानं सरकारने घेतली आणि हिंदी लोकांना निघावं लागलं. बंदरावर झडती घेणाऱ्या शिपायाने त्यांचा पाण्याचा माठ फोडून आत सोनं आहे का ते पाहिलं. "हे रडत होते, आणि मला हसू येत होतं. म्हटलं, फिटलं."

"काय फिटलं?"

"काही नाही. चहा घे."

मुंबईत वर्षभर नातेवाइकांकडे काढून ते दोघं इंग्लंडला आले. साहेबाने बोलावलं म्हणून नव्हे, दुसरीकडे कुठे जायचं ते कळेना म्हणून.

एप्रिलच्या मध्यावर बर्मी लोकांचं नवीन वर्ष येतं, तेव्हा ते एकमेकांवर पाणी उडवतात. आजी दरवर्षी त्या दिवशी वाटीत पाणी आणि झाडाची डहाळी घेऊन आमच्या दारात येत आणि आमच्या खांद्यावर चार थेंब शिंपडत. सरलेल्या वर्षाचं पाप त्याने धुतलं जातं, असं म्हणत. दोन हजार सहा साली त्या आल्या तेव्हा मी घरी एकटीच होते. मी गमतीने वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर पाणी शिंपडलं. म्हटलं, "घ्या, तुमचं पण धुतलं." आजी मटकन सोफ्यावर बसल्या. "माझं नाही गं जात, अनघा," त्या म्हणाल्या. मग मला त्यांनी ते चालणं सांगितलं.

प्रोमहून नदी ओलांडून तौंगुपला जाणारा डोंगराचा रस्ता. पुढे मैलोन् मैल पाणी नाही, आणि वाटेत पटकीची साथ. आईला ताप भरलेला, त्यामुळे सहा वर्षांचा भाऊ, बबन, अकरा वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. आईची ताकीद एकच, ओढ्याचं पाणी प्यायचं नाही. डोंगर लागायच्या आधीच्या एका गावात एक बर्मी बाई रस्त्याकडेला चिंचेखाली माठ मांडून उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या हिंदी लोकांसाठी ती सकाळपासून पाणी आणून ओतत होती. रांग लांब होती. बबन रडायला लागला. बहिणीचाही धीर सुटला आणि तिने त्याला झाडामागे नेऊन ओढ्याचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जुलाब लागले. दुपारी तो गेला.

"माणसांनी विचारलं, पोर काय प्यालं? आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, त्या बाईच्या माठातलं."

लोक आधीच धास्तावलेले. बर्मी आपल्याला विष घालताहेत अशी आवई सगळीकडे होती. सात-आठ पुरुष काठ्या घेऊन मागे गेले, मुलीलाही ओळख पटवायला नेलं. त्यांनी एकेक करून माठ फोडले, बाईला मारलं. ती हात जोडून काहीतरी सांगत होती. त्या सगळ्यांत बर्मी भाषा नीट येणारी एकटी हीच. रंगूनच्या गल्लीत बर्मी मुलींबरोबर वाढलेली. एकाने विचारलं, "काय म्हणते गं ती?"

"ती म्हणत होती, माझी मुलं पण हेच पितात. आणि मी सांगितलं, काही नाही म्हणत."

तेव्हा त्या बाईने खाली पडलेलं एक खापर उचललं. त्यात घोटभर पाणी राहिलं होतं. ते तिने सगळ्यांच्या देखत पिऊन दाखवलं. मुलीकडे बघत प्याली.

मी आजींचे हात धरले. माणसाने अशा वेळी जे बोलावं ते सगळं बोलले. तुम्ही अकरा वर्षांच्या होतात, घाबरलेल्या होतात. रात्री कॉम्प्युटरवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की पटकीची लागण आधीच्या चार-पाच दिवसांतलीही असू शकते, ओढ्याचीच असेल असं नाही. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बबनचं मी देवावर सोडलंय," त्या म्हणाल्या. "पण आमच्या मागून हजारो लोक येत होते गं. त्या गावात त्यांना कोणी पाणी दिलं असेल? आणि त्या बाईने परत कधी कोणाला पाणी दिलं असेल? बंदरावर त्यांनी माझा एक माठ फोडला, तेवढ्याने काय फिटतं?"

त्यांना तिथे जायचं होतं. गावाचं नाव त्यांच्या लक्षात होतं, चिंचेच्या झाडाची जागा लक्षात होती. त्या बाईच्या नातवंडांपैकी कोणी भेटलं तर त्यांच्या भाषेत सांगायचं होतं की तुमच्या आजीचं पाणी चांगलं होतं. कोणी नाही भेटलं तर निदान झाडाखाली एक माठ मांडायचा होता. मुलीला हे सांगायची हिंमत नव्हती, एकटीने प्रवास झेपणार नव्हता. "तू येशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईन. पावसाळा संपला की, दिवाळीनंतर. आजींनी नवा पासपोर्ट काढला, टेरीने आणलेल्या त्या पाकिटासाठी सही करताना त्याला सगळा बेत सांगितला, आणि माझ्या धाकाने गुडघ्यांचे व्यायामही सुरू केले.

दिवाळीनंतर मी गेले नाही. आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह, म्हणजे बँकेत ते प्रत्यक्ष सुरू होणं, नोव्हेंबरवर आलं आणि मॅनेजरने रजा मागे घ्यायला सांगितली. मला भांडता आलं असतं. मी भांडले नाही, कारण पुढे प्रमोशन दिसत होतं. मी आजींना म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की. प्रॉमिस." त्या म्हणाल्या, "चालेल हो. साठ वर्षं थांबलं, त्यात एक वर्ष काय."

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये रंगूनच्या रस्त्यांवर भिक्षू उतरले. आम्ही दोघी त्यांच्या टीव्हीसमोर बसलो होतो. आजी हळू आवाजात एकेका रस्त्याचं नाव सांगत होत्या. मग गोळीबार झाला, बातम्या बंद झाल्या, आणि शोभाताईंचा टोरंटोहून फोन आला, "अनघा, तू तिला कुठेही नेऊ नकोस हं, प्लीज." त्याच्या पुढच्या मे महिन्यात वादळ आलं आणि इरावतीच्या मुखाशी समुद्राचं पाणी विहिरींत शिरलं. माणसं पाण्यात उभी होती आणि प्यायला पाणी नव्हतं. आजींनी त्या आठवड्यात फाटकापाशी एकाऐवजी तीन माठ मांडले. टेरी तिन्ही माठांतलं थोडं थोडं पाणी प्याला. मी खिडकीतून पाहिलं, आणि त्या माणसाबद्दल मला फार माया वाटली.

नोव्हेंबरात माठ आत घ्यायला जाताना आजी पायरीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ साठला. शोभाताई आल्या. मी रोज ऑफिसातून आधी घरी जाऊन, पाणी दोनदा उकळून, थर्मासमध्ये भरून हॉस्पिटलला नेत असे. त्यांच्या उशाशी नळाच्या पाण्याचा प्लास्टिकचा जग असे, त्याला त्या शिवत नसत. एका संध्याकाळी ट्रेन अडकल्या आणि मी तशीच, रिकाम्या हाताने पोचले. शोभाताई खाली कॉफी प्यायला गेल्या होत्या. आजींचे ओठ सुकले होते.

"अनघा, पाणी."

मी जगमधून पेल्यात ओतलं.

"उकळलेलं आहे?"

"हो, आजी."

"दोनदा?"

"दोनदा."

त्यांनी पेला घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली घातली.

"खोटं बोलताना मी पण अस्संच खाली बघितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी थर्मास आणता न आल्याचं, ट्रेनचं, काहीबाही सांगू लागले आणि मला रडू फुटलं. त्यांनी नळी लावलेला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "असू दे. घाबरून बोललीस. दे ते पाणी, तहान लागलीये."

मी पेला त्यांच्या ओठांना लावला. नळाचं ते पाणी त्या घोट घोट करत सगळं प्यायल्या. पेला संपल्यावर म्हणाल्या, "गोड आहे गं." मला त्यांनी एका वाक्यात माफ केलं. स्वतःला मात्र त्यांना सहासष्ट वर्षांत ते करता आलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी तरी आलं का, हे मी त्यांना विचारू शकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

शोभाताईंनी घर विकायला काढलं आणि त्या परत गेल्या. घाईत माठाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. जानेवारीच्या कडाक्यात आतलं पाणी गोठलं आणि माठाचे दोन तुकडे झाले. टेरीने माझं दार वाजवून ते सांगितलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. ओट्यापाशी जाऊन मी खापरं गोळा केली. एका खापरात बर्फाची चकती तशीच राहिली होती.

तौंगुपच्या रस्त्यावर माझ्या हातून अजून माठ ठेवला गेलेला नाही. जाईन म्हणते, पण 'पुढच्या वर्षी' हे शब्द आता मी तोंडातून काढत नाही. आमच्या फाटकापाशी ओटा बांधून घेतला आहे, फुटपाथच्या चार इंच आत, आणि पुठ्ठ्यावर आजींचंच वाक्य रेवाच्या अक्षरात आहे. थंडीत मी रोज संध्याकाळी माठ आत घेते. श्रीपाद म्हणतो, "अगं, एकदा उकळलं तरी पुरे आहे." मी त्याच्याशी वाद घालत नाही. दुसऱ्यांदा बटण दाबते आणि केटल थांबेपर्यंत तिथेच उभी राहते.